व्हीआरमध्ये पुस्तक वाचायचे नसते! मग साहित्य प्रदर्शनात हेडसेट कशासाठी?

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईत एक जुने कापड जपून ठेवलेले आहे. लांबी सुमारे 40 फूट, रुंदी सुमारे 4 फूट. सोळाव्या शतकातील संतकवी दासोपंतांनी या जाड कापडावर, म्हणजे पासोडीवर, ‘पंचीकरण’ ओवीबद्ध लिहून काढले. त्यांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे, असे सांगतात.

हा ग्रंथ उघडायचा तर आधी चाळीस फुटांची मोकळी जागा हवी. चार शतकांचे कापड सारखे उलगडता येत नाही, त्याला हात लावता येत नाही, प्रखर दिव्याखालीही फार वेळ ठेवता येत नाही. फोटो काढला तर पूर्ण लांबीच्या फोटोत अक्षर दिसत नाही आणि अक्षराच्या फोटोत लांबी कळत नाही. पुस्तकात छापले तर ओव्या मिळतात, पण पासोडी हरवते.

ही पासोडी उद्या छत्रपती संभाजीनगरातील एखाद्या साहित्य प्रदर्शनात दाखवायची ठरली, तर काय करायचे? व्हर्च्युअल रिॲलिटी अर्थात व्हीआर हे याचे अगदी योग्य उत्तर आहे. प्रेक्षक हेडसेट चढवतो आणि समोर खऱ्या मापाची पासोडी उलगडते. तो तिच्या कडेने चालत जातो, वाकून एखादी ओळ पाहतो, मागे वळून किती अंतर आले ते बघतो. ‘अबब, एवढे लिहिले?’ हा उद्गार आकडा वाचून येत नाही. तो चालून येतो.

अडचण अशी की, साहित्यासाठी व्हीआर म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यासमोर असे काही येत नाही. येते ते हवेत तरंगणारे पुस्तक, आपोआप उलटणारी पाने, सोनेरी झगमगाट आणि पार्श्वभूमीला बासरी. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यानंतर भाषेची दालने, स्मारके, प्रदर्शने यांची चर्चा वाढली आहे. अशा प्रत्येक चर्चेत ‘डिजिटल’ हा शब्द असतोच. म्हणून पैसे खर्च होण्याआधी हे तंत्र साहित्यासाठी काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे पाहून घेतलेले बरे.

अक्षर इथे सर्वात आधी हरते

व्हीआर हेडसेटमध्ये दोन छोटे पडदे आणि दोन भिंगे असतात. डोके वळले की चित्रही त्याच वेगाने वळते, त्यामुळे मेंदूला आपण त्या जागी आहोत असे वाटू लागते. जागा, उंची, खोली, अंतर आणि दिशेने येणारा आवाज या गोष्टी हे यंत्र उत्तम दाखवते. मजकूर मात्र नाही.

कारण साधे आहे. निरोगी डोळा नजरेच्या एका अंशात साधारण 60 ठिपके वेगळे ओळखू शकतो. मेटा क्वेस्ट 3 सारखा लोकप्रिय हेडसेट एका अंशात सुमारे 25 ठिपके दाखवतो. ही बातमी ज्या फोनवर वाचली जात आहे, त्यावर हे प्रमाण हेडसेटच्या तिप्पट असण्याची शक्यता आहे. म्हणजे वाचनासाठी लोकांच्या खिशात आधीच जास्त चांगले यंत्र आहे!

देवनागरीचा त्रास आणखी मोठा. रोमन लिपीत एखादी रेघ पुसट झाली तरी शब्द ओळखता येतो. आपल्याकडे अनुस्वाराचा एक ठिपका गेला की चिंतेची चिता होते. शिवाय व्हीआर बनवणारे अनेक जण ‘युनिटी’ हे सॉफ्टवेअर वापरतात. त्यात अक्षरे दाखवण्यासाठी वर्षानुवर्षे वापरात असलेले ‘टेक्स्टमेश प्रो’ हे साधन देवनागरीची जोडाक्षरे आपोआप जुळवत नाही. ‘कि’ टाइप केले की ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या आधी जाऊन बसण्याऐवजी मागे राहते. ‘क्ष’ सुटा पडतो. मग डिझायनर काय करतात? मजकूर दुसरीकडे टाइप करून त्याचे चित्र बनवतात आणि ते चिकटवतात. दिसायला ठीक दिसते, पण नंतर शुद्धलेखनाची एक चूक सापडली तर चित्र पुन्हा बनवावे लागते. चूक सांगणारा प्रूफरीडर आणि दुरुस्त करणारा प्रोग्रामर यांची गाठ पडेपर्यंत उद्घाटन उरकलेले असते. मोडकी जोडाक्षरे सरकारी ॲपमध्येही पाहायची सवय झालेल्या महाराष्ट्रात हे खपूनही जाईल. पण प्रदर्शन भाषेचे असेल, तर खपू नये.

पासोडीचे अक्षर हे हस्तलिखिताचे आहे, म्हणजे मुळातच चित्र आहे, म्हणून तिथे हा प्रश्न सुटतो. पण तिथे दुसरा येतो. 40 फूट बाय 4 फूट कापड एका इंचात 300 ठिपके इतक्या बारकाईने स्कॅन केले, तर सुमारे 207 कोटी पिक्सेलचे चित्र तयार होते. ते एकदम कोणत्याही हेडसेटमध्ये मावणार नाही. फोनवरचा नकाशा जसा बघू तेवढाच तुकडा स्पष्ट करतो, तसे तुकडे पाडावे लागतात. हे काम किचकट आहे, पण अशक्य नाही. खरे कष्ट स्कॅनिंगचे आहेत आणि ते एकदा नीट झाले की हेडसेट बदलले तरी वाया जात नाहीत.

परदेशात काय केले?

ॲमस्टरडॅमच्या ॲन फ्रँक हाऊसने 2018 मध्ये व्हीआर अनुभव आणला. साधारण 25 मिनिटांचा. ॲन आणि तिचे कुटुंब ज्या खोल्यांत लपून राहिले, त्या खोल्या प्रत्यक्षात आज रिकाम्या आहेत, कारण तिचे वडील ऑटो फ्रँक यांना त्या तशाच रिकाम्या ठेवायच्या होत्या. व्हीआरमध्ये मात्र त्या सामानासकट दिसतात आणि फिरताना ॲनचे शब्द ऐकू येतात. खऱ्या घराचे जिने अरुंद आणि चढे असल्याने ज्यांना वर जाता येत नाही, त्यांनाही हा अनुभव घेता येतो. डायरी वाचायला लावणे किंवा डायरीचे नाट्य करणे, यापैकी काहीही इथे केलेले नाही. डायरी जिथे लिहिली गेली ती जागा दिली आहे, एवढेच.

त्याच वर्षी प्राग शहरात गटे इन्स्टिट्यूटच्या पुढाकाराने काफ्काच्या ‘मेटामॉर्फसिस’वर ‘व्हीआरवांडलुंग’ हा प्रयोग झाला. प्रेक्षक ग्रेगॉर सॅम्साच्या खोलीत उभा राहतो, खाली पाहतो तर स्वतःचे हातपाय किड्याचे झालेले! इथे पात्राच्या शरीरात शिरणे योग्यच होते, कारण गोष्टच शरीर बदलण्याची आहे.

तिसरे उदाहरण 2015 चे, कॅनडातील मॉन्ट्रियलचे. लेखक आल्बेर्तो मांग्वेल यांच्या पुस्तकावरून रंगकर्मी रॉबर्ट लपाज यांनी ग्रंथालयांचे प्रदर्शन उभारले. नकली जंगलात टेबले मांडली, त्यावर हेडसेट ठेवले आणि त्यातून दहा ग्रंथालये दाखवली. त्यात 1992 मध्ये युद्धात जळालेले सारायेवोचे ग्रंथालय होते आणि ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतील पाणबुडीतलेही होते. गेलेले आणि कधी नसलेले, दोन्ही एकाच खुर्चीत बसून पाहता आले.

पैठणची गोदावरी कोणती दाखवायची?

गेलेल्या जागांचा हा मुद्दा छत्रपती संभाजीनगरला फार जवळचा आहे. शहरापासून साधारण 50 किलोमीटरवर पैठण. सातवाहनांची राजधानी, हाल राजाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’शी जोडलेले गाव आणि संत एकनाथांचे घर. शहराचे नाव स्वतःच्या नावापुढे लावणारे कवीही कमी नाहीत. उर्दू गझलेच्या आरंभकाळातले वली दखनी औरंगाबादी म्हणूनही ओळखले जातात. त्यांची अहमदाबादेतील मजार 2002 च्या दंगलीत उद्ध्वस्त झाली आणि त्या जागेवरून रस्ता गेला. त्यांच्यानंतरचे सिराज औरंगाबादी अठराव्या शतकात याच शहरात राहिले. यांच्यापैकी कोणाचेही प्रदर्शन मांडायचे तर काचेच्या पेटीत ठेवायला फारसे काही हाती नाही. म्हणून ‘जागा’ उभी करण्याचा मोह होणारच.

मोहात पडायला हरकत नाही, पण प्रश्न विचारून. समजा, एकनाथांच्या काळातील पैठण उभे करायचे आहे. नाथांचा काळ 1533 ते 1599. आज पैठणजवळची गोदावरी जायकवाडी धरणाने पूर्ण बदललेली आहे. 1976 मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाच्या जलाशयाला नाथसागर असेच नाव आहे. मग सोळाव्या शतकातील घाट कसा होता, पात्र किती रुंद होते, वाड्याला किती खण होते? यातील काही गोष्टींचा पुरावा मिळेल, काहींचा अंदाज करावा लागेल, काही चक्क कल्पनेने भराव्या लागतील. हेडसेटमध्ये मात्र तिन्ही सारख्याच खऱ्या दिसतात. हीच या माध्यमाची ताकद आणि हाच धोका.

वारसास्थळांच्या संगणकीय पुनर्रचनेसाठी 2006 मध्ये ‘लंडन चार्टर’ नावाची तत्त्वे मांडली गेली. कोणता भाग कशाच्या आधारे बनवला, याची नोंद ठेवा आणि ती लोकांना कळू द्या, हा त्यातला महत्त्वाचा आग्रह. प्रत्यक्षात ते अवघड नाही. पुराव्याचा भाग पूर्ण रंगात, अंदाजाचा भाग फिकट, एवढे केले तरी प्रेक्षकाला कळते. दिसायला जरा कमी भव्य वाटेल. वाटू द्यावे.

आणि नाथांचे दाखवायचे काय? चमत्कार दाखवणे सोपे आहे. त्यापेक्षा मोठी गोष्ट अशी की, त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रतींमध्ये शिरलेले पाठभेद तपासून 1584 मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. मूळ ग्रंथ 1290 चा. म्हणजे जवळपास तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांच्या हातून झालेले बदल एका माणसाने बसून निवडले. एका बैठकीवर तीन-चार पोथ्या, एकच ओवी, प्रत्येकीत एखादा शब्द वेगळा. प्रेक्षकाने एकेक पोथी उचलून तो शब्द ऐकायचा आणि कोणता खरा वाटतो ते ठरवायचे. संपादन म्हणजे काय, हे शाळकरी मुलालाही पाच मिनिटांत कळेल. अर्थात, इथे वापरायचे पाठभेद खऱ्या पोथ्यांमधून अभ्यासकांनी निवडलेले हवेत. प्रोग्रामरने रचलेले नव्हे.

दुसरी जागा भारुडाची. भारूड वाचायची गोष्ट नाहीच. विंचू असो, जोगवा असो की गोंधळ, ते अंगाने आणि गळ्याने करायचे असते. रात्र, मशालींचा उजेड, डावीकडून टाळ, मागून हसणाऱ्या लोकांचा आवाज आणि समोर भारूड करणारा कलावंत. दिशेनुसार आवाज ऐकवणे हे काम हेडसेट फार छान करतो. त्यासाठी आजही भारूड करणाऱ्या कलावंतांना बोलवावे, योग्य मानधन द्यावे आणि नाव ठळक लिहावे. एआयने बनवलेला आवाज स्वस्त पडेल, पण मराठवाड्यात जिवंत गळे असताना तो वापरणे ही कंजुषी ठरेल.

या दोन्ही ठिकाणी प्रेक्षक कोण आहे, हे महत्त्वाचे. तो एकनाथ नाही. तो बैठकीला आलेला, भारुडाला बसलेला माणूस आहे. डिझाइनची ही एक निवड पुढे सगळे ठरवते.

नागसेनवनात ‘दुःखाचा अनुभव’ नको

ही निवड सर्वात जास्त कसाला लागेल ती नागसेनवनात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत 1950 मध्ये इथे महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. दलित साहित्याच्या चळवळीला बळ देणारे ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक याच शहरातून डॉ. गंगाधर पानतावणे यांनी अनेक दशके चालवले. शहरात आधुनिक मराठी साहित्याचे प्रदर्शन होईल आणि त्यात हा भाग नसेल, तर ते अर्धेच असेल.

इथे व्हीआरवाल्यांची एक आवडती कल्पना आडवी येते. 2015 मध्ये ख्रिस मिल्क या दिग्दर्शकाने टेड व्याख्यानात व्हीआरला सहानुभूती निर्माण करणारे यंत्र म्हटले आणि जगभर तशा फिल्म्सचे पीक आले. त्याच सूत्राने कोणी म्हणेल, दलित आत्मकथनातील नायक बना, पाच मिनिटे अस्पृश्यता अनुभवा. हे कितीही चांगल्या हेतूने केले तरी चुकीचे आहे. मानसशास्त्रज्ञ पॉल ब्लूम यांनी निर्वासितांवरील अशा अनुभवांबाबत जो आक्षेप घेतला होता, तोच इथे लागू पडतो. पिढ्यान् पिढ्यांचा भोग पाच मिनिटांत कळत नाही आणि हेडसेट काढून चहा प्यायला जाता येते, हेच मुळात त्या भोगाचे उलट टोक आहे. वर प्रेक्षकाला ‘आता मला कळले’ असे वाटते, ते वेगळेच. त्या लेखकांनी लिहिले ते दुसऱ्याने आपल्या जागी उभे राहावे म्हणून नव्हे. ऐकावे म्हणून.

मग ऐकण्याचीच जागा उभी करावी. महाविद्यालयाचा वर्ग, पुढे कविता वाचणारा माणूस, बाकांवर बसलेली पहिल्या पिढीतली शिकणारी मुले आणि त्यांच्यातल्याच एका रिकाम्या जागेवर प्रेक्षक. आवाज उपलब्ध असेल तर मूळ ध्वनिमुद्रण, नसेल तर आजच्या कवीने केलेले वाचन. आणि वाचन सुरू असताना काहीही हलू नये, हवेत अक्षरे उडू नयेत.

इथे कायद्याचाही मुद्दा आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे कॉपीराइट राहतो. एकनाथ, वली, सिराज मोकळे आहेत. अजिंठ्याजवळच्या पळसखेड्याचे कवी ना. धों. महानोर 2023 मध्ये गेले. त्यांच्या कवितेचा व्हीआर करायचा तर 2083 संपेपर्यंत वारसांची परवानगी लागणार. कवीचा चेहरा किंवा आवाज संगणकाने ‘जिवंत’ करायचा असेल, तर परवानगी असली तरी दहा वेळा विचार करावा.

रांगेचा हिशेब

डिझाइनच्या बैठकीत हा हिशेब सहसा कोणी करत नाही. अनुभव 8 मिनिटांचा. हेडसेट पुसणे, चढवणे, पट्टा जुळवणे, ‘दिसत नाही हो काही’ हे निस्तरणे यात आणखी 4 मिनिटे. म्हणजे एका हेडसेटवर तासाला 5 माणसे. सहा हेडसेट असले तर 30. प्रदर्शन आठ तास चालले तर दिवसाला 240. तीन दिवसांच्या संमेलनात 720, तेही एकही हेडसेट बंद पडला नाही तर. संमेलनाच्या मंडपातील गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा आकडा किती तोकडा आहे ते सांगायला नको.

म्हणून हेडसेटमधले दृश्य बाहेरच्या मोठ्या पडद्यावरही दिसायला हवे आणि रांगेत उभे असतानाच गोष्ट सुरू व्हायला हवी. चष्मा, फेटा, टोपी, अंबाडा, गजरा या सगळ्यांसह हेडसेट बसतो का, हे उद्घाटनाच्या दिवशी नव्हे, महिनाभर आधी तपासावे. साहित्य कार्यक्रमांना येणाऱ्यांत ज्येष्ठ मंडळी भरपूर असतात. डोळ्यांपुढचे दृश्य पुढे सरकते आणि शरीर जागेवरच असते, तेव्हा कानातला तोल सांभाळणारा भाग गोंधळतो आणि मळमळते. उपाय सोपा आहे: फिरती खुर्ची द्यावी आणि दृश्य आपोआप सरकवू नये. पासोडीच्या कडेने चालायचे असेल तर तेवढी मोकळी जागा आणि सोबत एक स्वयंसेवक हवाच.

वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवरचा धडा

शेवटचा प्रश्न पैशांचा, पण उभारणीच्या पैशांचा नाही. चांगल्या स्मार्टफोनच्या किमतीत हेडसेट येतो. प्रश्न उद्घाटनानंतरच्या तिसऱ्या वर्षाचा आहे.

याचे उदाहरण जिल्ह्यातच आहे. अजिंठ्याजवळ जपानच्या अर्थसाह्याने भव्य अभ्यागत केंद्र उभे राहिले. लेणी क्रमांक 1, 2, 16 आणि 17 यांच्या प्रतिकृती त्यात बांधल्या गेल्या. मूळ चित्रांवरचा गर्दीचा ताण कमी करणारी कल्पना म्हणून ती उत्तमच होती. काही वर्षांतच केंद्र वीज आणि पाण्याच्या थकीत बिलांत अडकून बंद पडले. लेणी तशाच्या तशा उभारता आल्या, पण त्या उजेडात ठेवण्याची तजवीज झाली नाही.

व्हीआरचे आयुष्य सिमेंटच्या प्रतिकृतीपेक्षा फारच कमी. गुगलने 2014 मध्ये पुठ्ठ्याचा ‘कार्डबोर्ड’ आणला आणि 2021 मध्ये त्याची विक्री थांबवली. शाळांसाठीचे ‘एक्स्पिडिशन्स’ त्याच वर्षी बंद झाले. ‘डेड्रीम’ 2019 मध्येच गुंडाळले होते. मॉन्ट्रियलच्या प्रदर्शनात वापरलेला सॅमसंगचा ‘गिअर व्हीआर’ही आता बाजारात नाही. आज बनवलेला अनुभव पाच वर्षांनी नव्या यंत्रावर चालेलच, याची हमी कोणी देत नाही.

म्हणून कोणतीही संस्था, मग ते विद्यापीठ असो, महापालिका असो की साहित्य परिषद, अशा कामाची निविदा काढेल तेव्हा दोन गोष्टी आधी लिहून घ्याव्यात. स्कॅन, ध्वनिमुद्रणे आणि त्रिमितीय मॉडेल यांच्या मूळ फाइल्स सर्वत्र चालणाऱ्या स्वरूपात संस्थेच्या ग्रंथालयात जमा व्हाव्यात. कंत्राटदाराच्या लॅपटॉपमध्ये राहू नयेत. आणि देखभालीचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात, किमान पाच वर्षांचा, वेगळ्या ओळीत दिसावा.

वेरूळला ‘पुस्तकाचं गाव’ योजनेत घेतलेले आहे, तिथे पुस्तके आहेत आणि लेण्यांमुळे पर्यटकही आहेत. पहिला प्रयोग करायला ही जागा वाईट नाही. एक खोली, दोन हेडसेट, चालायला पुरेशी जमीन आणि दाराबाहेर एका टेबलावर दासोपंतांच्या छापील ओव्या. किती लोकांनी हेडसेट चढवला याची नोंद आपोआप होईल. बाहेर आल्यावर किती जण त्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसले, हे मात्र कोणाला तरी वहीत लिहावे लागेल.